प्रश्न क्रमांक चौदा

पत्र लँकेस्टरहून आलं, धर्मप्रांताच्या न्यायासनाचं.
जाड पाकीट, आत एकवीस प्रश्न,
आणि वर नम्रपणे छापलेलं:
साक्षीदारानं आठवेल तेवढंच लिहावं,
आणि आठवेल ते सगळं.

प्रेस्टनमध्ये नोव्हेंबरात चार वाजताच अंधारतं.
मी स्वयंपाकघरात दिवा लावला,
सुक्या बोंबलाचा वास जावा म्हणून खिडकी उघडली,
जसं काही तिथले पाद्री
कागद हुंगूनच निकाल देणार होते.

फादर हॅलिगननी समजावलं होतं, चहा थंड होऊ देत:
हा घटस्फोट नव्हे.
घटस्फोट सरकारनं दिला, त्याला अकरा वर्षं झाली.
चर्च एवढंच विचारतं, त्या दिवशी गाठ बसली होती का?
बसली असेल, तर देवानं बांधलेलं सोडवायला
आमच्या बोटांना नखं नाहीत.
नुसताच दोरा असेल, तर सोडवायचं काय?

गाठी वरती बांधतात, आई म्हणायची.
आई, खाली दोरा कोण धरतं
ते तू कधी सांगितलं नाहीस.

बेनी दर रविवारी प्रसादाच्या रांगेत येते
हातांची छातीवर फुली करून.
फादर तिच्या कपाळावर क्रूस काढतात,
ती ओठ मिटून वळते.
सात वर्षं, रजिस्टर ऑफिसात फर्गलशी सही केल्यापासून.
फर्गल बाकावरच बसतो, बस ड्रायव्हरचे मोठे हात मांडीवर ठेवून.
एकदा मला म्हणाला,
मी घरात आलो आणि ती इथे उपाशी राहिली.

अस्मितानं विचारलं, मामा, म्हणजे झालं ते झालंच नाही?
मग मी कुठून आले?
मी फादरना विचारून सांगितलं,
मुलांच्या हक्काला धक्का लागत नाही, तसा नियमच आहे.
ती हसली. थँक्यू म्हणावं त्यांना.

प्रश्न एक ते आठ सोपे. तारीख, गाव, चर्च.
नवव्यात लिहिलं, रुझार वाईट माणूस नव्हता.
ते खरंच आहे.
त्यालाही असंच पाकीट गेलंय वसईला.
अंगठी घालताना तिची बोटं किती गार होती
हे त्याला आठवत असेल.

चौदा:
वधूवर कोणी दबाव आणला होता काय?
कोणी, केव्हा, कोणत्या शब्दांत?

कोणत्या शब्दांत.

लग्नाच्या आदल्या रात्री, बावखलाच्या काठी.
मांडवात बल्ब लागले होते, पाण्यात ते हलत होते.
ती म्हणाली, दादू, मला नाही जमायचं. तू सांग ना बाबांना.
मी म्हणालो, पत्रिका वाटून झाल्यात.
मी म्हणालो, आईच्या छातीत आधीच दुखतंय.
मी म्हणालो, बँडवाल्यांना पैसे दिलेत.
(हे मी खरंच म्हणालो. बँडवाल्यांना.)
आणि मग म्हणालो,
तू मोडलंस तर माझ्या घरात पाऊल टाकू नकोस.

सकाळी वेदीसमोर फादरनी विचारलं,
स्वखुशीनं, कोणाच्याही दबावाविना आलात काय?
मी पहिल्या बाकावर होतो, नवे बूट चावत होते.
ती हो म्हणाली.
तो हो माझा होता.

तेवीस वर्षं मी कुमसारात
खोटं बोलल्याचं सांगितलं, रागाचं, दारूचं सांगितलं.
हे कधी पाप म्हणून सुचलंच नाही.
मी तर थोरल्या भावाचं काम केलं होतं.

आता तिची सुटका माझ्या कबुलीवर अडलीय.
जागा चार ओळींची.
मी मागच्या कोऱ्या पानावर गेलो,
बँडवाल्यांसकट सगळं लिहिलं.

बेनी रात्रपाळीवर जाताना डोकावली.
झालं का रे लिहून?
झालं.
तिनं वाचायला मागितलं नाही.
टेबलावरची बोंबलाची बशी उचलून
धुवून पालथी घातली, आणि गेली.

सकाळी पोस्टातल्या पोरीनं पाकीट तोललं,
सवयीनं विचारलं, आत काही मौल्यवान?
मी म्हणालो, नाही, कागद आहेत.
मग म्हणालो, थांब.
सही घेऊन पोहोचवायचे जादा पैसे किती?